रेवाच्या ड्रायसूटचं माप

४ मे, रविवार

आजपासून इथलं अग्निनक्षत्र सुरू, तमिळ पंचांगातलं सगळ्यात कडक ऊन. वेलचेरीत सकाळीच फरशी तापते, अनवाणी गॅलरीत जाववत नाही. आणि अशा उन्हात आमच्या घरात चर्चा कशाची, तर गोठत्या पाण्यात अंग कोरडं कसं ठेवायचं!

रेवाचं नॉर्वेचं पक्कं झालं. समुद्रजीवशास्त्र, दोन वर्षं. पाण्याखाली समुद्री वनस्पतींची जंगलं असतात म्हणे, त्यात उतरून मोजमाप करायचं. पोहणं, बुडी मारणं ती इथे शिकलीच आहे, पण इथला समुद्र म्हणजे कोमट कढी. तिथे ड्रायसूट लागतो. आत पाण्याचा थेंब येऊ द्यायचा नाही असा पोशाख: मानेला आणि मनगटांना रबराची घट्ट पट्टी, बाकी सगळं बंद, आतून लोकरीचे कपडे. विद्यापीठाने कळवलंय की स्वतःचा असेल तर उत्तम.

"बाबा, तूच निवड. तुझं आयुष्य रबरात गेलंय."

खरं आहे. गाड्यांच्या दारांचं, काचांचं रबर. ओरगडमच्या कारखान्यात प्रत्येक गाडी शॉवरखालून जाते, मग आमची माणसं आत हात घालून गालिचा चाचपतात, ओला लागला तर गाडी परत. निवड म्हणाली तेव्हा छाती फुगली. आता लिहायला बसल्यावर लक्षात येतं की जाऊ का, असं तिने विचारलंच नाही. फक्त काय घालून जाऊ, एवढंच.

६ मे, मंगळवार

कंपनीच्या बसमध्ये फोनवर वाचत गेलो, उलटी व्हायची वेळ आली.

पट्टी तीन प्रकारची. लॅटेक्स: पातळ, मऊ, अंगाला चिकटते, पण उन्हाने, घामाने, नुसतं पडून राहिल्यानेही चिरते. सिलिकॉन: टिकतं, पण फाटलं की एका दमात फाटतं. निओप्रीन: जाड, मजबूत, पण मानेवर सैल पडायला लागलं की कळत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

न गळणारं रबर मी आजवर पाहिलेलं नाही. अजून न गळलेलं पाहिलंय. नव्या पोरांना ट्रेनिंग देताना हे वाक्य टाकतो, ते हसतात, मलाही बरं वाटतं. आज नाही वाटलं.

११ मे, रविवार

समुद्रकाठच्या ईसीआर रस्त्यावर सेल्वमकडे गेलो. रे.ला बुडी शिकवली ती यानेच. मोठा, काळासावळा, पोट सुटलेला, पाण्यात मात्र मासा. पूर्वी परदेशात तेलाच्या जहाजांवर होता, तिथला एक जुना ड्रायसूट त्याच्या माळ्यावर आहे असं कळलं होतं. निदान हे प्रकरण असतं कसं ते पाहू म्हटलं.

गच्चीवर पत्र्याखाली रे.ला त्यात घातलं. घातलं म्हणजे अक्षरशः भरलं. सेल्वम पावडर मारतोय, मी बाही धरलीय, बायको, सुगुणा, पाय ओढतेय. डोकं मानेच्या पट्टीतून बाहेर येईना. आलं तेव्हा तोंड लालबुंद.

"सार, टाइटा इरुक्कणुम," सेल्वम म्हणतो. घट्टच हवं. "पाणी आत जायचं नाही तर गळ्याला कळलं पाहिजे."

"अय्यो, पोरीला श्वास घ्याला येतें कीं नाहीं!" सु. कळवळली.

माझी बायको तंजावरकडची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचं मराठी तिचं आणि माझं सांगलीचं माझं. पोरगी तमिळमध्ये विचार करते, इंग्रजीत भांडते आणि लाडात आली की मराठी. आज मराठीत म्हणाली, "काढा ना हे आता." दहा मिनिटांत बादलीभर घाम. बाहेरचं पाणी आत येणार नाही हे कबूल, पण आतलं बाहेर कुठे जातंय?

परत निघताना सेल्वमला बाजूला घेऊन विचारलं, तू यात किती वेळा उतरलायस? तो ओशाळला. "रेंडु तडवै, सार." दोनदा! अख्ख्या शहरात मला सापडलेला तज्ज्ञ हा.

१४ मे, बुधवार

चेनवरून भांडण. ड्रायसूटची चेन काहींना पाठीवर असते, खांद्यापासून खांद्यापर्यंत. मजबूत, कमी वाकते, कमी बिघडते. काहींना पुढून, तिरकी. रबरवाल्या माणसाने पाठीवरची निवडावी. मी पुढची निवडली.

"का पण? सगळे म्हणतात पाठीवरची चांगली."

सांगितलं नाही. पाठीवरची चेन दुसऱ्या कोणीतरी लावून द्यावी लागते. तिथे कोण आहे तिचं? कोणा अनोळखी माणसाने घाईत ओढायची, शेवटची अर्धी बोटभर राहायची. आपली चेन आपल्या हाताने लावावी. एवढा विचार करून मी म्हणालो, "पुढची स्वस्त असते." तेही खोटं. पुढची महाग असते, हे तिला माहीत होतं. 

१८ मे, रविवार

तयार सूट बाद. बायकांचा सगळ्यात लहान आकारसुद्धा रे.पेक्षा वीतभर उंच बाईचा. लांब तंगड्यांच्या देशात शिवलेले कपडे. आमची पोरगी जेमतेम पाच फूट, खांदे आजोबांचे, पाय आईचे. पुरुषांच्या लहान मापात पाहिलं तर छातीला ताण, पोटात जागा.

रे. म्हणते मापावर शिवून घेऊ. इंग्लंडात एक कंपनी आहे, माप पाठवायचं, ते शिवून देतात. परत घेत नाहीत. मापावर शिवलेलं कोण परत घेईल! आपल्याकडचा शिंपीही घेत नाही.

सु.च्या चेहऱ्यावर या चर्चेत पहिल्यांदा प्रकाश पडला. माप म्हटल्यावर तिचं खातं. रे.चा शाळेचा गणवेश, पावाडै म्हणजे परकर, लग्नाकार्यातले ब्लाउज, सगळं तिने शिवलंय. टी. नगरच्या शिंप्यांवर तिचा विश्वास नाही.

२५ मे, रविवार

आज माप घेतलं. कंपनीच्या कागदावर एका बाईचं चित्र, अंगभर बाण. मनगट, कोपर, दंड, मान, छाती, कंबर, मांडी, पोटरी, घोटा, काखेपासून टाचेपर्यंत, मानेच्या मणक्यापासून जांघेतून पुढे बेंबीपर्यंत. रे. हॉलमध्ये हात पसरून उभी, सु. टेप घेऊन, मी खुर्चीत आकडे लिहायला.

मी आधी सेंटिमीटर की इंच याचा घोळ मिटवला. मग सांगितलं, तीनदा घ्यायचं, वेगवेगळ्या खोल्यांत, मागचा आकडा न बघता. सु.ने नाक मुरडलं, "माझ्या हातावर भरवसा नाहीं होय?" पण घेतलं. तिन्ही वेळा सारखंच! कुठे म्हणून फरक नाही. कारखान्यात मी माणसं कामाला लावून असा आकडा मागतो आणि मिळत नाही. बायकोला तसं म्हणालो, ती खूश झाली. मीही खूश. एक रविवार बरा गेला.

२ जून, सोमवार

ऑर्डर गेली. लॅटेक्सची पट्टी, पुढची चेन, पायात जोडलेले बूट. रंगावरून शेवटची चकमक. रे.ला अख्खा काळा हवा होता.

"काळा? पाण्यांत हरवली तर दिसेल कशी?" सु. कडाडली.

शेवटी बाह्या लाल. 'पाठवा' हे बटण रे.ने माझ्याकडून दाबून घेतलं. "तू निवडलंयस ना, तू दाब."

१९ जून, गुरुवार

सु. आज टी. नगरला लोकरी बनियन शोधायला गेली होती, ड्रायसूटच्या आत घालायला. दुकानदार म्हणे, "ऊटीक्का मा?" उटीला जाताय का? नॉर्वेला म्हटल्यावर त्याने बसायला स्टूल दिलं आणि थंडीत या म्हणून सांगितलं. ती रेशमी साडी घेऊन परत आली. कारण विचारलं नाही.

९ जुलै, बुधवार

आला! केवढं खोकं. रे. ओरडली, सगळ्या मजल्याने ऐकलं असेल.

घालून दाखवला. छान शिवलाय, शिलाई आतून टेप मारून बंद, रबर ताजं. मी वासही घेऊन पाहिला. पण थोडा... पायात जरा घोळ वाटतो. मांडीशी, पोटरीशी कापड मुठीत येतं.

"आत जाड कपडे घालायचेत ना, बाबा."

"हां, हां. लोकरीने भरेल," सु. म्हणाली.

मीही म्हणालो, भरेल. मानेची आणि मनगटांची पट्टी चोख बसली होती, ती मी बोट फिरवून पाहिली. माझं लक्ष तिथेच. पाणी कुठून आत येईल एवढंच मी आयुष्यभर पाहत आलोय.

१२ जुलै, शनिवार



सेल्वमच्या ओळखीच्या क्लबात खोल टाकी आहे, सरावाची. तिथे नेलं. आत सेल्वमने कुठून तरी आणलेला जाड अंतर्वस्त्राचा सूट. रे. खाली गेली, सेल्वम बरोबर. खाली गेलं की पाण्याचा दाब सूट अंगाशी आवळतो, म्हणून छातीवरचं बटण दाबून आत थोडी हवा सोडायची असते. तिने सोडली. मी काठावर उभा राहून बघतोय, निळ्या पाण्यात लाल बाह्या दिसतायत, वाटलं सु.चं बरोबर होतं.

मग तिचे पाय वर आले.

आधी वाटलं मुद्दाम करतेय. हवा सगळी पायात शिरली होती. सूटचे पाय फुग्यासारखे तट्ट फुगलेले, डोकं खाली, आणि ती उलटी वर यायला लागली. हात मारतेय, वळता येत नाही. बाहीवर हवा बाहेर सोडायची झडप असते, पण ती खांद्याजवळ, आणि हवा पायात. पाण्याच्या वर दोन पाय आले आणि उलटे हलत राहिले. पायातली एक फिन निसटून माझ्यासमोर तरंगत आली. मी ती उचलली. कशाला उचलली? हातात फिन घेऊन काठावर उभा. मला पोहता येत नाही हे तेव्हा पुन्हा एकदा कळलं.

सेल्वमने गुडघे धरून दुमडले, गुंडाळी करून सरळ केलं. वर आली. तोंडातली नळी काढली, खोकली, हसली.

टाकी होती ती. तळ दिसत होता. तिथे तळ दिसणार नाही, आणि खोलवरून असं झपाट्याने वर आलं की फुप्फुसांचं काय होतं, ते मी वाचलंय. इथे लिहीत नाही.

रे.ला घेऊन गाडीने परत निघालो. गिंडीच्या सिग्नलला म्हणाली, "बाबा, पाय माझे नव्हते."

जाऊ नकोस, असं ओठांवर आलं होतं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले.

१३ जुलै, रविवार

कंपनीचा कागद पुन्हा काढला. आमचे आकडे आणि शिवलेला सूट, मोजून पाहिलं, त्यांनी दिलेल्या मापाला इमानदारीत शिवलाय, वर लोकरीसाठी त्यांची स्वतःची जागा सोडलीय. मग चूक कुठे?

सु.ला म्हटलं, माझी पोटरी मोज. तिने टेप गुंडाळला. आणि टेपच्या आत, सवयीने, न बघता, आपली दोन बोटं घातली. मग आकडा वाचला.

"हे काय?"

"काय काय? दोन बोटें घालाला नको? अंगाला आवळून माप घेत असतात होय कोणी? माझ्या आईनें असेंच शिकवलें."

ब्लाउजला ठीक. लेंग्याला ठीक. तिने पोटरीला, मांडीला, घोट्याला, सगळीकडे दोन बोटं सोडली. त्यावर कंपनीने त्यांची जागा सोडली. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तीच दोन बोटं. आणि मी, क्वालिटीचा मोठा साहेब, खुर्चीत बसून आकडे जुळले म्हणून नाचलो. मान वळवून टेपाकडे एकदा पाहिलं असतं तर! कागदावर लिहिलंय, टेप कातडीला लागून. वाचलं होतं. तिला वाचून दाखवलं नाही, तिला काय सांगायचं मापाचं, म्हणून. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मान आणि मनगट तेवढं चोख का बसलं, तेही कळलं. ती पट्टी ताणणारी, आणि मनगटात सु.ची बोटं मावलीच नव्हती.

सु. स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी रागावलो नाही, कोणत्या तोंडाने रागावणार? ती म्हणाली, "पोरीला घट्ट होऊ नये म्हणून म्हणट्लें मी." एवढंच. पुन्हा पुन्हा तेच.

१७ जुलै, गुरुवार

कंपनीचं उत्तर आलं, सभ्य. सूट परत पाठवला तर कापून लहान करून देतील, पण तो तिथून यायच्या आत रे.चं विमान निघून गेलेलं असेल. थेट नॉर्वेला पाठवायचं तर तिची पहिली परीक्षा चुकते. तिथे गेल्यावर बुडी मारणाऱ्यांची परीक्षा असते, त्यात पास झाली तरच पाण्याखालच्या तुकडीत. नाहीतर प्रयोगशाळेत बसून दुसऱ्यांनी आणलेली पानं मोजायची.

"मग प्रयोगशाळेत बस की," मी म्हणालो. उगाच म्हणालो.

"बाबा, मी त्यासाठी जात नाहीये." मोठ्याने नाही, शांतपणे म्हणाली. त्यानेच जास्त लागलं.

२६ जुलै, शनिवार

सु.ने पट्टे शिवले. जाड कापडाचे, चिकटपट्टीचे, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सूटच्या वरून आवळायचे, म्हणजे हवेला पायात जागाच नको. यावेळी टेप मी धरला. बोटं नाहीत. तिने शिलाई तीन-तीनदा मारली, मशिनची सुई मोडेपर्यंत.

टाकीत पुन्हा. पाय वर आले नाहीत. मांडीपाशी थोडा फुगवटा राहतो, रे. तो सांभाळते, गुडघे दुमडून गुंडाळी करायची तिने चांगली बसवलीय. सेल्वम म्हणतो, "परवाइल्लै, सार." हरकत नाही. मी विचारलं, तू उतरशील का यात? तो म्हणाला, टाकीत उतरेन.

३ ऑगस्ट, रविवार

गेली. सूटची वेगळी बॅग, विमानतळावर वजनावरून हुज्जत, मग सु.ने चटणीपूडचे डबे काढले आणि सूट ठेवला. डबे आता आमच्याकडे.

आत जाताना वाकून नमस्कार केला, मग आईला मिठी. "पाप्पा, थंडी वाजट्ली तर सांग गं," सु. म्हणाली. अजून बाळच म्हणते तिला. सांगितलं तर ही काय करणार आहे इथून? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पण मीही तेच सांगणार होतो.

१० ऑगस्ट, रविवार

फोटो येतात. डोंगर, लाल लाकडी घरं, ती स्वेटरमध्ये. बरी दिसते. घरात टीव्ही मोठ्याने लावतो आम्ही हल्ली, दोघंही बघत नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी कारखान्यात फोन. उद्या परीक्षा. तिथल्या शिकवणाऱ्या बाईने सूट पाहिला, पट्टे पाहिले, पट्ट्यांचं कौतुक केलं म्हणे, पण तोंड वाकडं केलं. मग कपाटातून एक जुना सूट काढून दिला, कोणा आधीच्या विद्यार्थिनीचा, रे.एवढीच होती ती. अंगाला बरोबर बसतो. हवा जागच्या जागी.

"मग झालं की!" मी जवळजवळ ओरडलो.

"मानेची पट्टी बघ ना बाबा. फोटो पाठवलाय."

लॅटेक्स. जुनं. बोटाने फोटो मोठा करून पाहिला, कडेला केसांसारख्या रेषा. चिरा असतील, सुरकुत्या असतील, पावडर साठली असेल. तिथल्या माणसाने हवा भरून तपासला, गळत नाही, हा हिवाळा काढेल म्हणतो. पट्टी बदलणारा कारागीर पुढच्या आठवड्यात येणार, तोवर तुकडी बेटावर निघून जाते.

मी तिला सांगितलं, अंगठ्यांमध्ये धरून ताण, उजेडाकडे धर, व्हिडिओ पाठव. पाठवला. उजेड कमी, हात हलतोय. तीनदा, दहादा पाहिला. शेजारच्या टेबलावरचा पोरगा विचारतो, सर, कुठल्या मॉडेलचं रबर? फोटोत रबर कळत नाही. रबर हातात घ्यावं लागतं, ओढून सोडावं लागतं, वास घ्यावा लागतो.

नवा सूट: रबर ताजं, माप ढिलं, पाय वर. जुना सूट: माप नेमकं, मानेची पट्टी फाटली तर बर्फासारखं पाणी छातीत. काय वाईट आधी होईल, कशातून ती सावरेल, मला सांगता येईना. आमच्याकडे अशी गाडी आली असती तर दोन्ही परत पाठवल्या असत्या.

"बाबा? कोणता घालू?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही, रेवा."

पोरीला हे मी आजवर कधी म्हणालो नव्हतो. माहीत नसलं तरी काहीतरी सांगायचो.  मग "ओके, बाबा." आवाजात सुटल्यासारखं होतं की एकटं पडल्यासारखं, ते कळलं नाही.

घरी आल्यावर सु.ला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हांला माहीत नाहीं तर कोणाला माहीत?"

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी टाकली. कारण लिहिलं, घरगुती.

तिचा मेसेज: निघतोय, बोटीवर. फोन लॉकरमध्ये. पुढे एक हृदय. कोणता घातला ते लिहिलं नाही.

सु. दोनदा विचारून गेली, कोणता? माहीत नाही म्हटलं. "विचारा की." लगेच विचारलं, पण मेसेजवर एकच खूण, गेलेला, पोचलेला नाही.

सकाळपासून डोकं पुन्हा त्याच दोन सूटांभोवती. हा घातला असेल तर असं, तो घातला असेल तर तसं. आंघोळ करताना एकदम कळलं की काल तिने विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं. माहीत नाही, हे खोटं होतं. मे महिन्यापासून माझं उत्तर एकच आहे. कोणताच घालू नकोस. उतरू नकोस. रबर, चेन, माप, रंग, हे सगळं मी ते एक वाक्य गिळता यावं म्हणून करत होतो. काल तिने तोंडात घास घालावा तशी संधी दिली आणि तेव्हाही मी गिळलं. बरं केलं की वाईट केलं, ते ती पाण्यातून वर आल्यावर ठरेल. तोवर काही करता येत नाही.

सु.ने ताटं वाढली होती, झाकून ठेवलीयत. ती देवापाशी बसलीय, मी फोनपाशी.

अजून एकच खूण.